मोबाइलच्या सवयी बदलण्याचे संकल्प: तुमचे कोणते टिकले, कोणते मोडले?

पायवाट (रात्री ११.४२)

नमस्कार. फोनमधला स्क्रीन टाइमचा अहवाल दर आठवड्याला न मागता समोर येतो आणि मी तो न वाचता बाजूला सारते. या वेळी मात्र तो पूर्ण वाचला. रोजची सरासरी ४ तास ५० मिनिटे होती. तिचे फारसे नवल वाटले नाही, कारण त्यात कामाचे फोन, नकाशे आणि थोडेफार वाचनही आले. मी अडखळले ती त्याखालच्या आकड्यावर. दिवसाला सरासरी ११३ वेळा फोन उचलला गेला होता. जागेपणाचे सोळा तास धरले, तर दर साडेआठ मिनिटांनी एकदा.

इतक्या वेळा आपण फोन कशासाठी घेतो हे पाहावे म्हणून एक दिवस साधा प्रयोग केला. टेबलावर कागद आणि पेन्सिल ठेवली. फोन उचलला की एक रेघ ओढायची आणि उचलण्याचे कारण सांगता येत असेल तर रेघेपुढे एक शब्द लिहायचा, असे ठरवले. दुपारी दोनपर्यंत ४१ रेघा झाल्या आणि शब्द होते १३. उरलेल्या २८ वेळा कारणच नव्हते. त्या तेरा शब्दांत 'वेळ' हा शब्द सहा वेळा होता, म्हणजे किती वाजले हे पाहण्यासाठी फोन उचलला होता. आणि त्यांपैकी निदान दोनदा फोन खाली ठेवल्यानंतरही किती वाजले हे मला ठाऊक नव्हते, म्हणून तो पुन्हा उचलावा लागला.

त्या कागदाचा धसका घेऊन मी काही संकल्प केले आहेत. फोन रात्री झोपायच्या खोलीत न्यायचा नाही आणि गजरासाठी साधे घड्याळ वापरायचे. उठल्यावर पहिला तास फोनला हात लावायचा नाही. माणसांनी पाठवलेल्या निरोपांखेरीज सर्व नोटिफिकेशन बंद करायची. लहान व्हिडिओंचे अ‍ॅप काढून टाकायचे. कोणाशी बोलत असताना फोन टेबलावरही ठेवायचा नाही. दिवसाचा एकूण वापर दोन तासांवर आणायचा. आणि रविवारी फोन पूर्ण बंद. असे सात झाले.

यापूर्वी असे संकल्प मी तीन-चारदा केले आहेत आणि नव्याचे नऊ दिवस संपले की 'ये रे माझ्या मागल्या' झाले आहे. म्हणून विचारते: तुमच्यापैकी कोणाचा असा संकल्प सहा महिन्यांहून अधिक टिकला आहे का? टिकला असल्यास नेमका कोणता, आणि मोडला असल्यास कोणत्या क्षणी मोडला?

तिर्यक

संकल्प चांगले आहेत. एकच खोडसाळ निरीक्षण नोंदवतो: हा धागा रात्री ११ वाजून ४२ मिनिटांनी निघाला आहे, बहुधा अंथरुणातून आणि बहुधा फोनवरूनच.

पायवाट

दोन्ही आरोप मान्य आहेत. संकल्प उद्यापासून लागू होणार होते.

निरुपद्रवी

पायवाट, तुमचा पेन्सिलीचा प्रयोग तुमच्या सातही संकल्पांपेक्षा मोलाचा आहे, असे मला वाटते. तुम्हाला जी गोष्ट सापडली ती तुम्ही संकल्प करताना बाजूला ठेवलीत. तुमची अडचण '२८ वेळा कारण नव्हते' ही आहे, आणि उपाय मात्र तुम्ही 'दोन तास' असा तासांचा काढला आहे.

तासांच्या मर्यादेशी मी स्वतः दीड वर्ष झगडलो, म्हणून हे थोडे विस्ताराने लिहितो. अ‍ॅपल आणि गूगल या दोन्ही कंपन्यांनी २०१८ मध्ये वापराचा हिशेब दाखवणारी सोय फोनमध्येच दिली, तेव्हापासून आपण सगळे मिनिटांच्या भाषेत विचार करू लागलो. पण मिनिटे मोजणाऱ्याला चाळीस मिनिटांचा मनापासून झालेला व्हिडिओ कॉल आणि चाळीस मिनिटांचा निरर्थक चाळा यांतला फरक कळत नाही. परिणाम असा झाला की मर्यादा संपत आली की मी बहिणीचा फोन आटोपता घेत असे आणि सकाळी हातात पूर्ण कोटा असल्यामुळे निश्चिंतपणे स्क्रोल करीत बसत असे. शिवाय मर्यादा संपल्यावर येणाऱ्या पाटीवर 'आणखी १५ मिनिटे' अशी पळवाट असते. पहिल्या आठवड्यात ती दाबताना अपराधी वाटायचे. तिसऱ्या आठवड्यात पाटी वाचण्याआधीच अंगठा नेमक्या जागी पडू लागला. ज्या सवयीला आवर घालायचा, तिच्याच हाती मी आणखी एक बटण दिले होते.

दुसरी गोष्ट मुदतीची. 'एकवीस दिवसांत सवय लागते' हे वाक्य इतके फिरले आहे की ते प्रयोगातून आले असावे असा समज होतो. त्याचा उगम मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधील लिखाणात सापडतो, आणि त्याचे मूळ निरीक्षण शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आपला नवा चेहरा ओळखीचा वाटायला निदान एकवीस दिवस लागतात, अशा स्वरूपाचे होते. सवयींचा प्रत्यक्ष अभ्यास फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केला आणि तो २००९ मध्ये पुढे आला. त्यात वर्तन अंगवळणी पडायला लागलेल्या काळाचा मध्यक (निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त) ६६ दिवस निघाला, आणि माणसागणिक तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. त्याच अभ्यासातली मला धीर देणारी बाब अशी की एखादा दिवस चुकला, तर त्याने सवय लागण्यात फारसा खंड पडत नाही. आपण मात्र एका रात्री नियम मोडला की सगळा संकल्पच विसर्जित करतो.

म्हणून माझी सूचना अशी की सातांऐवजी एकच संकल्प घ्या आणि तो 'अमुक घडले की मी तमुक करीन' अशा रूपात लिहा. पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात या पद्धतीवर बरेच काम केले आहे. 'मी फोन कमी वापरीन' यात काय करायचे ते कुठेच नाही. 'घरात शिरल्यावर किल्ली ठेवताना फोनही त्याच जागी ठेवीन' यात वेळ, जागा आणि कृती तिन्ही आहेत, आणि ते घडले की नाही हे रात्री निश्चितपणे सांगता येते.

सांजसावली

निरुपद्रवी यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी सहमत आहे. माझा एकच संकल्प टिकला आहे आणि तो दोन वर्षे टिकला आहे, म्हणून कारणासह सांगते.

माझा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. तो काही सांगत असताना माझी नजर फोनकडे वळली की तो वाक्याच्या मधेच थांबायचा, रागवायचा नाही, हट्ट करायचा नाही, आणि मी पुन्हा वर पाहिले की जिथे थांबला होता त्याच शब्दापासून पुढे बोलू लागायचा. 'मग तो म्हणाला की', इथे थांबणे, आणि काही सेकंदांनी 'तुझा रंग दे मला'. हे तो इतक्या सराईतपणे करीत होता की मला ते कित्येक महिने लक्षातच आले नाही. एका नातेवाइकांनी विचारले, 'हा असा अडखळत का बोलतो?' तेव्हा मी नीट पाहिले. तो अडखळत नव्हता, माझी वाट पाहत होता.

त्या दिवसापासून तो बोलायला आला की फोन मी उठून दुसऱ्या खोलीत ठेवून येते. उपडा ठेवत नाही, खिशातही ठेवत नाही. उठून जाण्याचे ते दहा-वीस पावलांचे काम त्याला दिसते, आणि मला वाटते, महत्त्व त्यालाच आहे.

एकतारी

फोन केवळ समोर असण्यानेही लक्ष विचलित होते, असे सांगणारा एक प्रयोग वाचल्याचे आठवते. कोणाला त्याविषयी नक्की माहिती आहे का?

निरुपद्रवी

तो एड्रियन वॉर्ड आणि सहकाऱ्यांचा २०१७ मधला अभ्यास असावा. सहभागी व्यक्तींचा फोन काहींच्या टेबलावर, काहींच्या खिशात वा पिशवीत आणि काहींच्या दुसऱ्या खोलीत ठेवला होता, आणि आवाज सर्वांचे बंद होते. दुसऱ्या खोलीत फोन असलेल्यांची बौद्धिक चाचण्यांतली कामगिरी टेबलावर फोन असलेल्यांपेक्षा सरस ठरली. मात्र इतरांनी पुढे असे प्रयोग केले तेव्हा हा परिणाम प्रत्येक वेळी तितका ठळकपणे दिसला नाही, म्हणून मी त्याला अंतिम निर्णय मानत नाही. सांजसावली यांच्या मुलाचा दाखला मला अधिक भक्कम वाटतो.

कोरा कागद

मी सॉफ्टवेअर क्षेत्रात आहे आणि काही वर्षे एका अ‍ॅपच्या नोटिफिकेशनचेच काम पाहत होतो. कंपनीचे नाव सांगण्याची गरज नाही, कारण आमच्यासारखे काम सगळीकडे चालते. पलीकडच्या बाजूने हे प्रकरण कसे दिसते ते सांगतो.

आमच्यापैकी कोणीही 'लोकांना व्यसन लावू या' असे म्हणत नसे. सोमवारच्या बैठकीत एक आलेख दाखवला जाई: गेल्या आठवड्यात अ‍ॅप उघडलेल्यांपैकी किती जण या आठवड्यात परत आले. ती रेघ खाली झुकली की कोणी तरी विचारी, 'यांना एखादी आठवण पाठवू या का?' मग एक वाक्य लिहिले जाई, त्याचे दोन पाठ केले जात, अर्ध्या लोकांना एक आणि उरलेल्यांना दुसरा पाठवला जाई, आणि ज्यावर जास्त बोटे पडली तो पाठ कायम होई. मी लिहिलेले सर्वांत यशस्वी वाक्य 'तुमच्यासाठी काही नवीन आहे' हे होते. काय नवीन आहे ते त्यात मुद्दामच सांगितलेले नव्हते. सांगितले असते तर निम्म्या लोकांना आत येण्याची गरज उरली नसती.

'काय असेल' ही हुरहुर हेच या सगळ्याचे इंधन आहे. बक्षीस दर वेळी मिळण्यापेक्षा अनिश्चित वेळी मिळाले, तर प्राणी ती कृती अधिक चिकाटीने करीत राहतात, हे बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवरील प्रयोगांतून विसाव्या शतकाच्या मध्यावरच दाखवून दिले होते. पडदा खाली ओढून नवा मजकूर आणण्याची युक्ती लॉरेन ब्रिक्टर या प्रोग्रामरने ट्विटरसाठीच्या एका अ‍ॅपमध्ये प्रथम आणली. न संपणारी पाने अझा रास्किन यांनी २००६ मध्ये रचली आणि पुढे त्याबद्दल जाहीर खेदही व्यक्त केला. पूर्वी पानाच्या तळाशी 'पुढील पान' असे बटण असायचे आणि ते दाबताना माणूस क्षणभर थांबायचा, 'पुरे झाले' असे म्हणण्याची तेवढीच संधी असायची. ती काढून घेतली गेली.

म्हणून पायवाट यांच्या यादीतला नोटिफिकेशनचा संकल्प मला सर्वांत व्यवहार्य वाटतो, पण एक सावधगिरी बाळगा. सगळी नोटिफिकेशन एकदम बंद केल्यास उलट परिणाम होऊ शकतो. निकोलस फिट्झ, कोस्टादिन कुश्लेव्ह आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काहींना सूचना दिवसातून तीनदा गठ्ठ्याने मिळत होत्या, तर काहींच्या पूर्ण बंद होत्या. गठ्ठ्याने मिळणाऱ्यांचे लक्ष आणि मनःस्थिती सुधारली. पूर्ण बंद असणाऱ्यांना तो लाभ फारसा झाला नाही, उलट काही तरी निसटत असल्याची चिंता वाढली. माझ्या बाबतीत हेच घडले. सर्व आवाज बंद केल्यावर 'काही आले असेल का' हे पाहण्यासाठी मी पूर्वीपेक्षा जास्त वेळा फोन उचलू लागलो. रोगापेक्षा औषध भयंकर! आता दुपारी एक, सायंकाळी सहा आणि रात्री नऊ अशा तीन वेळा ठरवल्या आहेत. हल्ली बहुतेक फोनांत ही सोय कमी-अधिक प्रमाणात मिळते.

मावळती

आपण सारे निरोगी, मोकळ्या आणि कोणालाही तातडीने लागत नसलेल्या माणसांसाठी नियम करीत आहात. माझी आई ८१ वर्षांची आहे आणि दुसऱ्या घरी एकटी राहते. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून झोपणे मला शक्य नाही, आणि 'रविवारी फोन बंद' हे वाचून तर मला राग आला. माझ्यासारख्यांनी काय करायचे?

कोरा कागद

मावळती, तुमचा राग रास्त आहे. 'डू नॉट डिस्टर्ब'मध्ये निवडक व्यक्तींचे कॉल वाजू देण्याची सोय असते, तिथे आईंचा क्रमांक आणि त्यांच्या शेजाऱ्यांचाही क्रमांक घालावा. त्याशिवाय 'पुन्हा आलेला कॉल' असा एक पर्याय असतो. एकाच क्रमांकावरून आयफोनवर तीन मिनिटांत आणि अँड्रॉइडवर पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा कॉल आला, तर तो शांततेतही वाजतो. म्हणजे आई अनोळखी क्रमांकावरून बोलत असल्या तरी 'लागला नाही तर लगेच पुन्हा करा' एवढे त्यांना आणि शेजाऱ्यांना सांगून ठेवले की पुरते. बसवल्यावर एकदा दुसऱ्याच्या फोनवरून करून पाहा. अशी गोष्ट न तपासता झोपू नये.

मावळती

करून पाहिले. दुसऱ्या वेळी वाजला. फोन आता खोलीबाहेरच्या टेबलावर असतो आणि दार उघडे ठेवते. रात्री तीनदा जाग येऊन पडदा पाहण्याची सवय मात्र अजून गेलेली नाही. आता तीनदा उठून बाहेर जाऊन पाहते. तरी एक फरक पडला आहे: उभ्याने कोणी बातम्या वाचत नाही, त्यामुळे पाहून लगेच परत येते.

दृष्टिआड

मी नेत्रतज्ज्ञ आहे, म्हणून फक्त डोळे आणि झोप यांपुरते लिहितो. पडद्याकडे एकटक पाहताना पापण्यांची उघडझाप बरीच कमी होते, डोळे चुरचुरण्याचे मुख्य कारण ते आहे. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे पाहावे, हा नियम सोपा आहे आणि त्याने आराम पडतो. निळा प्रकाश रोखणाऱ्या चश्म्यांवर मात्र फार भिस्त ठेवू नये.

झोपेविषयी एक प्रयोग वारंवार सांगितला जातो, तो २०१५ मधला आहे. बारा जणांना सलग पाच संध्याकाळी झोपण्यापूर्वी चार तास उजळ पडद्यावर वाचायला लावले आणि नंतर तसेच छापील पुस्तक वाचायला दिले. पडद्यावर वाचलेल्या रात्री मेलाटोनिन हे झोपेशी निगडित संप्रेरक दबले आणि झोप सरासरी दहा मिनिटे उशिरा लागली. म्हणजे चार तास उजळ पडदा पाहूनही दहा मिनिटे! माझ्याकडे येणारे लोक दीड-दीड तास उशिरा झोपल्याचे सांगतात. तो दीड तास केवळ प्रकाशाच्या माथी मारता येत नाही; पडद्यावर जे चालले आहे ते सोडवत नाही, हे त्याचे साधे कारण आहे. पडदा पिवळसर करून तेच पाहत बसण्याने काही साधत नाही.

तिर्यक

पडद्याच्या रंगाचा विषय निघालाच आहे, तर माझा अनुभव. संपूर्ण पडदा काळा-पांढरा करावा, म्हणजे फोन नीरस होतो, असा सल्ला वाचून मी तो अमलात आणला. पहिले चार दिवस फोन खरोखरच जुन्या वर्तमानपत्रासारखा दिसत होता आणि मी तो लवकर खाली ठेवीत होतो. पाचव्या दिवशी भाचीने काढलेले चित्र आले, ते पाहण्यासाठी रंग परत आणले. नंतर नकाशासाठी आणले. मग रंग चालू-बंद करण्याची इतकी सफाई आली की बाजूचे बटण तीनदा दाबणे हाच एक नवा चाळा होऊन बसला. नवव्या दिवशी काळ्या-पांढऱ्या रंगातच मी पाऊण तास रील पाहिल्या आणि रंग नसल्याचे मला जाणवलेही नाही.

एकतारी

तिर्यक, माझ्या बाबतीत तो उपाय दोन वर्षे चालला आहे, त्यामुळे सरसकट बाद करू नये. मात्र रविवारी फोन बंद ठेवण्याचा प्रयोग मी सोडला. ओटीपीसाठी फोन लागतो, तिकीट फोनमध्ये असते, आणि सोमवारी सकाळी १४० निरोप एकदम वाचताना रविवारच्या शांततेची सव्याज परतफेड होते. त्यापेक्षा ग्रूप कायमचे म्यूट करणे आणि अर्काइव्हमध्ये टाकणे मला अधिक उपयोगी पडले. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये पूर्वी एक वर्षापर्यंतच म्यूट करता येई, २०२० पासून 'नेहमीसाठी' हा पर्याय आला. ग्रूप सोडल्यावर जे प्रश्न विचारले जातात ते यात विचारले जात नाहीत, आणि हा त्याचा फार मोठा गुण आहे.

पायवाट (दोन आठवड्यांनंतर)

सर्वांचे आभार. प्रामाणिक हिशेब देते.

दोन तासांची मर्यादा चौथ्या दिवशी मोडली, अगदी निरुपद्रवी यांनी वर्णन केल्याप्रमाणे. रविवार एकदाही साधला नाही. सकाळचा पहिला तास फोनविना जातो, पण त्याचे श्रेय माझ्या निग्रहाला नाही: फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला असतो आणि सकाळी तिकडे जाण्याचा मला आळस येतो.

व्हिडिओचे अ‍ॅप काढून टाकले तेव्हा एक विचित्र गोष्ट पाहिली. अ‍ॅप गेल्यावर त्या जागी शेजारचे चिन्ह सरकून आले, ते कॅलक्युलेटरचे होते. पुढच्या तीन दिवसांत मी सतरा वेळा कॅलक्युलेटर उघडला. फोन हातात आला की अंगठा आपण होऊन पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात जात होता आणि समोर शून्य दिसले की मी भानावर येत होते. तो कॅलक्युलेटर मी तिथेच ठेवला आहे.

आता निरुपद्रवी यांचा सल्ला मानून एकच संकल्प ठेवते आहे. फोन उचलण्याआधी कशासाठी उचलते आहे ते मोठ्याने एका शब्दात बोलायचे. शब्द सुचला नाही तर उचलायचा नाही.

तिर्यक

मोठ्याने? घरातल्यांसमोर?

पायवाट

घरातल्यांसमोर. कार्यालयात पुटपुटते. काल संध्याकाळी मी 'हवामान' असे म्हणून फोन घेतला आणि सहा-सात मिनिटांनी खाली ठेवला, तेव्हा नवऱ्याने वर्तमानपत्रातून मान न काढता विचारले, 'मग काय आहे हवामान?' मी पाहिलेच नव्हते.

निरुपद्रवी

तुमच्या पहिल्या दिवशीच्या कागदावरचा 'वेळ' आणि हे 'हवामान' एकाच जातीचे आहेत. कारण खरे असते, पण पडदा उजळल्यावर पहिल्या सेकंदाला दुसरेच काही दिसते आणि मूळ कारण तिथेच गळून पडते. माझ्या पडद्यावर आता पहिल्या पानावर एकही चिन्ह नाही. जे हवे त्याचे नाव टंकून शोधावे लागते, आणि शोधण्यासाठी ते नाव लक्षात ठेवावेच लागते. तुम्ही तोंडाने जे करता तेच मी बोटांनी करतो, एवढाच फरक. अर्थात नवरा विचारणार असेल तर तुमची पद्धत अधिक कडक आहे.

सांजसावली

मुलाला हा खेळ फारच आवडला आहे. मी फोन घेतला की तो विचारतो, 'शब्द?' काल मला सुचला नाही आणि मी फोन परत ठेवला, तेव्हा त्याने अगदी मोठ्या माणसासारखी मान डोलावली.

कोरा कागद

आमच्या बैठकीत कोणी तरी कधी तरी हा प्रश्न विचारायला हवा होता: हा माणूस आत कशासाठी आला होता आणि ते त्याला मिळाले का? किती वेळ थांबला, किती वेळा परतला हे सारे मोजता येत होते. कशासाठी आला हे मोजण्याची सोय आमच्याकडे नव्हती, आणि खरे सांगायचे तर ती असावी असे आम्हाला वाटलेही नव्हते.

पायवाट (अकरा आठवड्यांनंतर)

धागा वर आणते आहे, कारण दोघांनी व्यक्तिगत निरोप पाठवून पुढे काय झाले ते विचारले.

लॅली यांच्या अभ्यासातले ६६ दिवस उलटून गेले आहेत. शब्द उच्चारण्याची सवय पुरती अंगवळणी पडली असे म्हणवत नाही, थकलेली असताना ती हमखास सुटते आणि रात्री दहानंतर तर मी थकलेलीच असते. मधे आजारी होते, त्या सहा दिवसांत सगळे नियम गुंडाळून ठेवले होते आणि त्याचे मला वाईट वाटलेले नाही. गेल्या आठवड्यातली सरासरी ५८ वेळा उचलण्याची आहे. तास मात्र फार उतरलेले नाहीत, ३ तास ५५ मिनिटे आहेत, आणि त्यातला पाऊण तास मी रोज एका मैत्रिणीशी चालता चालता बोलते, जे पूर्वी घडत नव्हते. तो वेळ कमी करण्याचा माझा विचार नाही.

सात संकल्पांपैकी झोपायच्या खोलीबाहेरचा फोन टिकला आहे, नोटिफिकेशनचा अर्धा टिकला आहे (कोरा कागद यांच्या तीन वेळांपैकी दुपारची मला जमत नाही), आणि शब्दाचा जो टिकला आहे तो मूळ यादीत नव्हताच. कॅलक्युलेटर अजून त्याच कोपऱ्यात आहे, गेल्या आठवड्यात तो दोनदा उघडला, त्यातला एकदा खरोखर हिशेबासाठी.

एकतारी

अभिनंदन. एक गौण प्रश्न आहे, पण माझा संकल्प त्यावरच अडला आहे. तुम्ही गजरासाठी साधे घड्याळ आणले असे लिहिले होते. मीही आणले, आणि त्याच्या टिकटिकीने दोन रात्री झोप लागली नाही, म्हणून फोन पुन्हा उशाशी आला. तुमच्या घड्याळाचा आवाज होत नाही का?

पायवाट

होतो, आणि पहिल्या रात्री मीही फोन परत आणायला उठले होते. दारापर्यंत गेल्यावर शब्द सुचेना, म्हणून परत आले आणि घड्याळ टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवले. गजर कपाटातूनही व्यवस्थित ऐकू येतो, टिकटिक येत नाही. शिवाय तो बंद करायला उठावे लागते.